आईच्या डोक्यावर पाणी कोण घालणार

१ फेब्रु., रवि.
पंधरा दिवस वही उघडायची म्हणून नुसतं म्हणतोय. पेन सापडेना असं स्वतःलाच सांगितलं. खिशातच होतं. लिहिलं की खरं होतंय, म्हणून टाळलं. आईच्या हृदयाची झडप बदलायचीय. ९ला ॲडमिट. डॉक्टर डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत.
आज चर्चात प्रभुभोजन. आई शेवटच्या बाकावर. भाकरीचं ताट आलं, दोन्ही हातांनी धरलं, न घेताच माझ्याकडं सरकवलं. अकरा वर्षं हेच. बाप्तिस्मा नाही म्हणून. माझ्या बापानं, आबांनी, होऊ दिला नाही. माझा झालाय. मी घेतलं, चावलं. काही वाटलं नाही. बाकाच्या फटीत मुंगळा चालला होता, तोच बघत बसलो.
रिक्षातनं उतरताना म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला बाप्तिस्मा पायजे. पाळकास्नी सांगून ये."

३, मंगळ.
काल पाळकांकडं निघालो, वाटेत तालमीच्या पोरांचा फुटबॉल चालला होता. संध्याकाळ तिथंच गेली. पाळक भेटले नाहीत असं ठोकून दिलं. "बरं," म्हणाली. ती बरं म्हणाली की जास्त लागतं.
आज गेलो. पाळक चांगला माणूस, पण घाबरलेला. "वडिलांची लेखी संमती आण. नंतर तक्रार नको. आणि देव मन बघतो, विनायक. बाप्तिस्म्याशिवायही ती त्याचीच आहे."
"मग माझ्यासारख्याचं काय? बाप्तिस्मा हाय, मन न्हाय."
हसले. चेष्टा वाटली त्यांना.
आईला सांगितलं. "त्याची हाय ते मला ठावं हाय की. पर घरातल्या माणसाला पानावर बसवत्यात. मी अजून उंबऱ्यावरच."

५, गुरु.
आबांना फोन. चार वर्षं झाली, गडहिंग्लजला काकाकडं असतात. आई चर्च सोडेना म्हणून गेले. झडपेचं सांगितलं. संमतीचं काढलं. "तिला म्हणावं, आता तरी माझं ऐक." कट. परत लावला. सहा वेळा. उचललाच नाही.

६, शुक्र.
आई: "तुझा झालाय न्हवं? मग तूच घाल पाणी. वेळ पडली तर चालतंय. विचारून ठेवलंय मी."
हिला कसं सांगू? चर्चच्या पन्हाळ्याच्या शिबिराला जेवण फुकट म्हणून गेलतो. बाप्तिस्म्याच्या टाकीपुढं रांग लागली, मागच्यानं ढकललं, मी आत. वर आलो तर सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी बघतोय, नवे बूट कुणी नेले का. एवढाच माझा बाप्तिस्मा. आई मात्र त्या दिवशी शेजारीपाजारी साखर वाटून आली.
खोट्याच्या हातचं पाणी तिच्या डोक्यावर. आणि तेवढ्यावर ती ऑपरेशनला जाणार. आणि काही झालं तर

७, शनि.
दिवसभर बाहेर. गाडी काढली, जोतिबाच्या वाटेला लागलो, अर्ध्यातनं परत. का गेलतो तेही आठवत नाही.
न्हाणीत बादलीवर वाकून बाप्तिस्म्याचे ते शब्द म्हणून बघितले. पित्याच्या... पुढं जीभच उचलेना. रडायला आलं. ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. म्हणालो, माझं राहू दे, तिला आत घे. कुणाला म्हणालो? माहीत नाही.

८, रवि.
सांगून टाकलं. शिबिर, जेवण, बूट. सगळं.
मेथी निवडत होती. मान वर नाही. "म्हाईत हाय मला."
"कवापासनं?"
"त्याच दिवसापासनं. घरात आलास ते पयलं बूट पुसायला बसलास."
"मग मलाच का सांगतीस?"
"पाळक भितोय. तुझा बाप रुसून बसलाय. अजून कोण हाय मला?" जुडी संपवली, देठं गोळा केली, मग म्हणाली, "विश्वास माझा हाय की. तुझा कुठं मागितलाय? तू नुसता हात दे."
मागितला असता तरी कुठनं देणार होतो.

९, सोम. सकाळ
बाराला दवाखाना. पाणी कोमट केलंय, गार तिला सोसत नाही. पाटावर बसून वेणी सोडतेय. गाठ सुटेना, वेळ लागतोय. मी सोडू का म्हटलं तर "बस गप." म्हणून लिहितोय. पाणी घालीन. शब्दांचं अजून ठरेना. म्हटले तर खोटं, गिळले तर तिचं अर्धवट राहणार. कुणीतरी काहीतरी सांगा रे...

शबानाचाची ओरडतेय. खालच्या मजल्यावर राहते ती. "वैनी! ओ वैनी! आबा आल्यात तुमचं! जिन्यात बसल्यात दम खात!"
मला वाटलं आई केस झाकून घेईल. झाकले नाहीत. पाण्याचा तांब्या उचलला, माझ्या हातात दिला.
"दार उघड जा," म्हणाली. "आणि त्यो खाली ठेवू नगंस."