लेकरांच्या डॉक्टरची घरपाहणी

खापा, ११ सप्टेंबर १९७४

रा. रा. वामनराव जावईबापू यांस रुपरावचा रामराम.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. माझी बहीण यमू हिचे गुडघे कसे आहेत? आणखी एक अपराध म्हणजे मागच्या बुधवारी मी नागपुरात होतो, महाल भागात, तुमच्या घरामागच्याच गल्लीत, आणि न भेटता परत आलो. यमूला हे पत्र पूर्ण वाचल्यावरच सांगा.

झाले असे. माझी नात कौशल्या दहा महिन्यांची. पावसाळ्यापासून तिची छाती शिट्टीसारखी वाजते. ऐकू यावे म्हणून मी विणता विणता हातमाग थांबवतो, आणि ऐकू आले की भीतीने पुन्हा चालू करतो. इथल्या जुन्या डॉक्टरांनी तिला, मला आणि शेजारच्या पहिलवानाला एकच लाल औषध दिले. तेवढ्यात बसस्टँडजवळ नवी पाटी लागली, डॉ. हेडाऊ, बालरोगतज्ज्ञ. म्हणजे फक्त लेकरांचा डॉक्टर! मी चौथी नापास माणूस, पण विचार डोक्यातून जाईना. बोलता न येणाऱ्या पेशंटला हा विचारतो काय? लेकराला मिशा फुटल्या की हाकलून देतो काय? मी त्याच्या बाकावर नुसता जाऊन बसू लागलो. (कंपाउंडर म्हणाला, "बाबा, लेकरू कुठं हाय?" मी म्हटले, "येऊन राहिलं.") लेकराला हात लावण्याआधी डॉक्टर स्वतःचे हात चोळून गरम करतो, हे मला आवडले.

पण आमची कारभारीण रुखमाबाई अडून बसली. "त्याचं लगन नाही झालं. ज्यानं घरचं लेकरू खेळवलं नाही, त्याच्या हाती नात काहून द्याची जी?" मलाही पटले. सोयरीक करताना आपण चौकशी करतो तशी करावी म्हणून पत्ता काढून मी महालात डॉक्टरच्या आईकडे, भागीरथाबाईंकडे गेलो. मुलगा रागीट आहे का, हात थरथरतो का, काही व्यसन आहे का, सगळे विचारले. बाईंनी हौसेने उत्तरे दिली, चिवडा दिला आणि म्हणाल्या, "पोरगी कशी हाय जी?" मी म्हटले, "हसरी हाय, पण अंगानं भरून नाही राहिली." "आमच्या घरी आली का भरन!" केवढी मायाळू बाई, म्हणून मी आणखी चिवडा घेतला. निघताना त्यांनी हाती नारळ दिला तेव्हा उमगले, त्या मला मुलीकडचा समजल्या होत्या. एवढा चिवडा खाल्ल्यावर कोणत्या तोंडाने खुलासा करणार? लाजेने तुमच्याकडेही न येता सरळ बस धरली.

घरी आलो तर घर रिकामे. कौशल्याचा श्वास अडकला म्हणून रुखमाबाई तिला घेऊन त्याच डॉक्टरकडे धावली होती. मी पोचलो तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. सुई देऊन झाल्यावर डॉक्टर तिला मांडीवर उभी धरून बसला, बाकीचे पेशंट खोळंबले तरी उठला नाही. शेवटी शिट्टी थांबली आणि पोरीने त्याचा चष्मा ओढला. रुखमाबाई डोळे पुसत म्हणाली, "याले खेळवता येते जी."

डॉक्टर म्हणाला, हे दुखणे थंडीत उलटेल, मोठी होईल तसे कमी होईल, तोवर जवळ कोणी जाणता हवा. मी म्हटले, "तुम्ही आहातच." तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत, बाबा. आई म्हणते, तिथं संसार मांड, नाहीतर दवाखाना उचलून घरी ये."

बाकी सर्व ठीक. लोभ आहे तसा राहू द्या.

आपला,
रुपराव

ता. क. हेडाऊ आपल्याच समाजाचे. तुमची प्रेमिला माझी भाची, मामाला एवढा तरी अधिकार असतो. तिला मात्र आधी विचारा. आता यमूला सांगायला हरकत नाही.

पुन्हा ता. क. अट एकच, संसार खाप्यातच. तिला नागपूर सोडवत नसेल तर हे स्थळ विसरा. मुलगा तसा काही विशेष नाही, टक्कल पडू लागले आहे.

आणखी एक. मी भागीरथाबाईंना कार्ड टाकले आहे. त्या येत्या रविवारी पोरगी पाहायला येतील. पत्ता तुमचा दिला आहे. होकार असेल तर लगेच कळवा. नकार असेल तर थंडी सरेपर्यंत "विचार करतो" एवढेच म्हणत राहा, पण मला उलट टपाली दोन ओळी धाडाच.