दारापलीकडचे चौकोन

४ फेब्रुवारी
टीबीच! डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून बोट ठेवून दाखवलं. गोळ्या सहा महिने. निदान दोन-तीन आठवडे वेगळी खोली, मास्क, खिडकी सताड उघडी. लेकीला जवळ घ्यायचं नाही. मला एवढंच ऐकू आलं, बाकीचं नवऱ्याने ऐकलं.
मागची खोली मिळालीय. ताट दाराशी येतं आणि दाराशीच परत जातं. तुरुंगच – जेलर सासूबाई.

५ फेब्रुवारी
छताकडे बघून झालं. भिंतीकडे बघून झालं. लिफ्ट दुरुस्त करणारी बाई मी! दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लोंबकळायची सवय, आणि इथे पलंगावरून खिडकीपर्यंत गेले तरी धाप लागते.
कंपनीतून फोरमनचा फोन – "बाई, तुमचा पाना गंजतोय इथे." बरं वाटलं.

७ फेब्रुवारी
ठमी पलीकडे खिदळत होती. "आजी, अजून एकदा! अजून एकदा!" चार वर्षांची पोर, दोन दिवस 'आई हवी' म्हणून रडली आणि तिसऱ्या दिवशी आजीची झाली.
मत्सर वाटला. इथे लिहायला काय हरकत आहे – सासूबाईंचा मत्सर वाटला. लग्नाला सहा वर्षं झाली, आमचं बोलणं "जेवलीस?" "जेवले" इतकंच. बाईने पाना घेऊन फिरावं हे त्यांना पटलं नसावं. नसावं म्हणायचं, कारण त्या ताकास तूर लागू देत नाहीत. बसतात आपली क्रोशाची सुई घेऊन. घरातल्या दिसेल त्या वस्तूला झालर! फोनच्या चार्जरलासुद्धा टोपी विणलीय.

१० फेब्रुवारी
आज ताटासोबत लोकरीचा गुंडा आणि आकड्याची सुई. "रडण्यापेक्षा बरं," दारातून म्हणाल्या. मी रडते हे यांना कसं कळलं!
मग पॅसेजच्या पार पलीकडच्या टोकाला, दाराच्या बरोब्बर समोर खुर्ची टाकून बसल्या. तोंडाला मास्क, नाकावर चष्मा. "माझ्याकडे बघ नि तसंच कर."
केलं.
"अगं, सुई धरलीयस की स्क्रूड्रायव्हर?"
साखळी घातली. "उसव." पुन्हा घातली. "उसव."

११ फेब्रुवारी
उसव.

१२ फेब्रुवारी
सकाळी उसव, दुपारी उसव. या बाईंना दुसरा शब्द येत नाही का! ताप नाही आज.

१५ फेब्रुवारी
पहिला चौकोन झाला! लोकरीचे खांब एकाशेजारी एक उभे, कोपरे चारही जागच्या जागी. सासूबाईंनी चष्मा पुसून लांबूनच बघितला. "चालेल," म्हणाल्या.
पहिली लिफ्ट चालू केली होती तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. उशाशी घेऊन पडलेय.
ठमीसाठी पांघरूण करायचं ठरलं. अर्धे चौकोन त्यांचे, अर्धे माझे. मी बाहेर आले की बसून जोडायचे.

१९ फेब्रुवारी
हात चालायला लागले की तोंडही चालतं. सासूबाई चक्क बोलतात! सासरे कसे घोरायचे याची नक्कल करून दाखवली. मी पोट धरून हसले.
मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "मला लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. नाही पाठवलं." पुढचा खांब घातला. "तू मात्र बरी झालीस की जा. घरात बसू नकोस." आणि लगेच – "लोकर एवढी खेचू नकोस, मेली ती!"
सहा वर्षं मी काय समजून बसले होते!

२४ फेब्रुवारी
भांडण! नवऱ्याने माझे चौकोन गरम पाण्यातून काढून, उन्हात वाळवून बाहेर नेले. सासूबाईंनी शेजारी आपले मांडले आणि ओरडल्याच – "अगं, हे सगळं उलटं आहे!"
खरंच. त्यांचे खांब एकीकडे कललेले, माझे दुसरीकडे. कारण मी डाव्या हाताने विणते! जेवते उजव्याने, पाना उजव्याने फिरवते, पण समोर बसलेल्या सासूबाईंचा सुईचा हात माझ्या डावीकडे दिसायचा, म्हणून मी सुई डावीकडे घेतली. वाटलं, हे असंच करतात. त्यांनाही समोरून आरशात बघितल्यासारखं सगळं ठीकच दिसत होतं.
"उसव सगळे."
"नाही उसवणार! तुमच्याकडे बघून केलंय, तुमच्यासारखंच केलंय!"
"शेजारी शेजारी शोभायचे नाहीत."
"नाही शोभले तर नाही शोभले!"
दार मीच आपटलं. नंतर ताट आलं. "जेवलीस?" एवढंसुद्धा विचारलं नाही. गाडी पुन्हा मूळपदावर.

२६ फेब्रुवारी
सासूबाई खुर्ची घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. म्हटलं, एवढा राग! तर त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या वर धरले. "आता बघ. माझा उजवा तो तुझा उजवा."
काय डोकं आहे बाईचं! हसता हसता खोकला आला. पण माझा उजवा हात ढिम्म. शिकला तो डावाच शिकला.
शेवटी वळून म्हणाल्या, "राहू दे. असेच जोडू. पांघरल्यावर कोण बघतंय."

२ मार्च
थुंकीचा रिपोर्ट आला. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, पण उद्यापासून बाहेर! सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळीच जोडायला बसू." ठमीला झोप येईना, मला तरी कुठे येतेय.

३ मार्च
जोडायला बसलो नाही. सकाळी सासूबाईंच्या हातातून दुधाचं भांडं पडलं. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. मी खोलीबाहेर आले ती थेट रुग्णवाहिकेपर्यंत. ठमी माझ्या कडेवर होती म्हणे. इतक्या दिवसांनी घेतलं तिला, आणि मला काही आठवत नाही.

१४ मार्च
घरी आणलं. मागची खोली आता त्यांची. उजव्या हातात वस्तू दिली तर जेमतेम धरतात, पण बोटं काही करत नाहीत. सगळं समजतं, बोलता मात्र येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. "प्रयत्न करायला हवा त्यांनी."
सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडतात. ठमी विचारते, "आजी रुसली?"
भीती वाटते. आत्ता कुठे आमचं बोलणं सुरू झालं होतं.

१६ मार्च
ताट भरलेलंच परत. डोळ्यांतून सारखं पाणी.
रडण्यापेक्षा बरं, म्हणून लोकर आणि सुई नेली. त्यांनी गुंडा ढकलून दिला आणि उजव्या हाताकडे बघितलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अगं, डाव्या हाताने विणणारी बाई आहे की या घरात!
त्यांना उशांना टेकवून बसवलं. सुई डाव्या हातात दिली, लोकर उजव्यात अडकवली. मग पलंगाच्या कडेवर त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि हात खांद्याच्या वर धरले.
"आई, माझा डावा तो तुमचा डावा."
बराच वेळ काही नाही. मान अवघडली. मग मागे लोकर हलली.

२१ मार्च
सासूबाईंचा पहिला चौकोन. कोपरे तीनच, मध्ये बोट जाईल एवढं भोक. माझ्या चौकोनाशेजारी ठेवला, तर खांब दोन्हींचे एकाच बाजूला कललेले! मी म्हटलं, "चालेल."
त्यांनी चौकोनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, पण नुसताच श्वास. पुन्हा हलले.
"उसव."
उसवला.