विसाव्याची घाई

रविवार, ४ जून. दुपार.
निर्णय झाला. आजपासून आयुष्याचा वेग कमी.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात वादळात होडीत झोपलेल्या प्रभूची गोष्ट घेतली. शिष्यांचा आरडाओरडा चाललाय आणि तो उशीवर डोकं टेकून गाढ झोपलेला. अंगावर काटा आला. शेवट ऐकायचा राहिला. एका इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली म्हणून फोन आला, बाहेर जावं लागलं. लिफ्टच्या देखभालीचा धंदा म्हणजे रोजचंच वादळ. पण यापुढे मी उशीवर.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठून निर्णय सांगितला. म्हणाले, उत्तम, रोज थोडा वेळ वडिलांजवळ नुसते बसत जा. मी म्हटलं ते तर बसेनच, पण मुख्य योजना काय? ते नुसते हसले. भला माणूस. नियोजन शून्य.

सोमवार, ५ जून. पहाटे.
उठलो. शांत बसलो. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलंय. दर तासाला घंटा वाजवून थांबायला सांगतं.
बसल्या बसल्या झोप लागली. हरकत नाही. प्रभूलाही लागली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
घंटा चुकीच्या वेळी वाजते. दुपारी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये होतो. हेड मेकॅनिकचं डोकं कंट्रोल पॅनेलमध्ये. तेवढ्यात घंटा. त्याला वाटलं अलार्म. त्याने मेन स्विच पाडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, आत एक बाई. मी जिन्यातून ओरडून त्यांना धीर दिला की बाई, घाबरू नका, या निवांत वेळाचा उपयोग करून घ्या. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.
अ‍ॅप काढून टाकलं. विसावा आतून यायला हवा.

बुधवार, ७ जून. सकाळ.
बाबांजवळ बसलो. हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही मंदावलंय. एकेक शब्द शोधून आणतात. वाचा-उपचारवाल्या मॅडमनी बजावलंय की त्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पूर्ण करायचं नाही. थांबायचं.
थांबलो. बाबा म्हणाले, आज मला... मी विचारलं, चहा? त्यांनी मान हलवली. म्हणाले, आज मला... मी म्हटलं, पेपर? चादर? फॅन वाढवू? बाबांनी डोळे मिटून घेतले. दमले असावेत. मला मात्र छान वाटलं.
बायको दारात उभी होती. म्हणाली, वडिलांशी बोलतोयस की क्विझ घेतोयस? मी काही चांगलं करायला गेलो की हिला ते खुपतंच.

रविवार, ११ जून.
पहिला खरा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार. फोन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बायकोकडे.
दुपारी बायकोच्या फोनवरून हेड मेकॅनिकला फोन केला. आज मी उपलब्ध नाही, एवढंच सांगायला. तो म्हणाला, साहेब, मग हा फोन कोणी केलाय? त्याला अध्यात्म समजावून सांगितलं. त्यात बॅटरी संपली. बायको भडकली. घरात श्रद्धेला पोषक वातावरण नाही.

बुधवार, १४ जून. संध्याकाळ.
पाळकसाहेब दर बुधवारी बाबांकडे येतात. आज मी लवकर घरी आलो होतो म्हणून दाराआडून त्यांची पद्धत पाहिली. पद्धतच नाही! खुर्ची ओढून बसले आणि गप्प. बाबाही गप्प. मी तेवढ्यात चार मेसेजना उत्तरं दिली. मग बाबा बोलायला लागले. अडखळत, थांबत. आई गेल्यावर कितीतरी दिवस ते सकाळी दोन कप मांडायचे. मग एक उचलून परत ठेवायचे. कुणी उठायच्या आत.
आई जाऊन सहा वर्षं झाली. मी याच घरात राहतो. मला हे कधी सांगितलं नाही.
पाळकसाहेबांना काय, वेळच वेळ. माझ्यासारखा धंदा असता म्हणजे कळलं असतं.
जेवताना बाबांना मुद्दाम विचारलं, आईची आठवण येते का? हो म्हणाले. आणखी काही? नाही म्हणाले. असं का?

शुक्रवार, १६ जून.
दोष माझा नाही. आपल्या चर्चच्या अख्ख्या मंडळीलाच घाई झालीय. उपाय काढला. 'विसावा समिती'. अध्यक्ष मी. तातडीने ग्रुप तयार केला, सकाळी कामाचे मेसेज टाकले. दुपारपर्यंत निम्मे सभासद बाहेर. कोषाध्यक्ष बाईंनी जाता जाता लिहिलं की त्यांना विसावा हवाय.
तरी तारीख ठरली. २५ जून, 'विसावा रविवार'. प्रोजेक्टर, स्लाइड्स, आणि माझी साक्ष, म्हणजे सगळ्यांसमोर माझा अनुभव. पाळकसाहेब म्हणाले, साक्ष थोडक्यात आटपा. घाई कुणाला आहे ते दिसलंच.

बुधवार, २१ जून.
बाबांनी स्वतःहून जाहीर केलं की रविवारी ते चर्चला येणार. आणि फाटकापासून बाकापर्यंत चालत येणार, वॉकर घेऊन, कुणाचा हात न धरता. हे पूर्ण वाक्य त्यांनी बायकोला सांगितलं. मला तिने सांगितलं.
आजारपणानंतर पहिल्यांदाच. दोघांची पॅसेजमध्ये रोज तालीम चालते म्हणे. वॉकर पुढे, डावा पाय, मग उजवा ओढून. बायको मागून नुसती चालते. मी प्रोत्साहन म्हणून थोडा जोर लावा असं म्हटलं, तर दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.
स्लाइड्स अजून अर्धवट. डोकं भणभणतंय.

रविवार, २५ जून. दुपार.
काय झालं ते सरळ लिहितो.
सकाळपासून गोंधळ. प्रोजेक्टरची वायर आखूड. हेड मेकॅनिककडून एक्स्टेन्शन मागवलं, ते घेऊन मी धावत फाटकाशी आलो तर बाबा वाटेवर. इस्त्रीचा पांढरा शर्ट. वॉकर पुढे, डावा पाय, मग उजवा. आतून पहिलं गीत सुरू झालं होतं. दाराशी उभी असलेली माणसं बाजूला होऊन वाट बघत होती. बायको दोन पावलं मागे. बाबांच्या कपाळावर घाम, पण चेहरा असा, की कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.
अर्धी वाट झाली होती. गीत संपत आलं. गीतानंतर लगेच माझी साक्ष. वायर माझ्या हातात.
मी बाबांना उचललं.
बायको नको नको म्हणत होती. बाबाही काहीतरी म्हणत होते, पण त्यांचं वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो. हलके झालेत खूप. दारातून आत नेलं, पहिल्या बाकावर बसवलं, वायर जोडली. वेळेत. अक्षरशः गीताच्या शेवटच्या ओळीला.
साक्ष रंगली. 'थांबायला शिकलेला माणूस' हा माझा विषय. बोलता बोलता थोडं लांबलं. बाबा सबंध वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होते. मध्येच बायको त्यांना घेऊन निघून गेली. गर्दीत जीव घाबरा झाला असेल.
नंतर पाळकसाहेबांना विचारलं, साक्ष कशी वाटली? ते बाहेर गेले. वॉकर वाटेवर आडवा पडला होता तो उचलून त्यांनी माझ्याकडे दिला. म्हणाले, ते येईपर्यंत आम्ही आणखी एक गीत गायलो असतो.
आधी सांगायला काय झालं होतं?

सोमवार, २६ जून.
घरात कुणी बोलत नाही. शांतता आहे, पण ही ती नव्हे.
बाबांना म्हटलं, चुकलं असेल तर सांगा. वाट बघितली. खरंच बघितली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग हॉस्पिटलच्या लिफ्टचा फोन आला. तिथे स्ट्रेचर खोळंबतात, जावंच लागतं. हे कुणालाही पटेल.

बुधवार, २८ जून.
ताई गाडी घेऊन आली. बाबांनीच बोलावलं. थोडे दिवस तिच्याकडे राहतो म्हणाले. हवापालट चांगलाच. त्यांची बॅग मी झटपट भरली. बायकोने ती उघडून पुन्हा भरली.
बाबा जिना उतरून गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ते उतरताना मी हात पुढे केला, तर ताई म्हणाली, तू वरच थांब.

रविवार, २ जुलै.
ताईचा फोन. बाबा आज तिच्या चर्चमध्ये फाटकापासून बाकापर्यंत चालत गेले. लोक उभे राहून गात राहिले. बसल्यावर बाबांनीही शेवटचं कडवं म्हटलं, आणि त्यांचा 'आमेन' सगळ्यांच्या मागून आला. सांगताना ताई रडत होती.
पाया आपल्याच घरी घातला गेला, असं मी म्हटलं. ताईने विषय बदलला.
समिती पाळकसाहेबांनी विसर्जित केली. बायकोला म्हटलं, आपण बाबांना आणायला कधी जायचं? ती म्हणाली, त्यांना यायचंय का ते आधी विचार.

रविवार, ९ जुलै. संध्याकाळ.
विचारायचं ठरवलं. हेड मेकॅनिकला सगळी कामं सोपवली. बाबांच्या रिकाम्या पलंगावर बसून ताईला फोन लावला. बाबांना द्यायला सांगितलं. म्हटलं, बाबा, घरी कधी येताय? आणि गप्प बसलो.
पलीकडे श्वास. मग 'तू'. मग बराच वेळ काही नाही. शब्द माझ्या जिभेवर आले होते, गिळले. दुसऱ्या कॉलचं टूंटूं वाजत होतं, वाजू दिलं. खोलीत अंधारून आलं तरी उठून दिवा लावला नाही. बाबा बोलले. सगळे शब्द स्वच्छ, एकेक करून.
तू... आधी... तुझी कामं... आटप.
किती समजूतदार! बायकोला सांगितलं की बाबांना माझी अडचण कळते, आणि मी त्यांच्या वाक्यात एकही शब्द घातला नाही. ती म्हणाली, मग पुढे काय म्हणाले?
पुढे काही नाही. त्यांनी फोन ठेवला होता. मी बराच वेळ तसाच कानाला लावून थांबलो होतो.