तिसरी तुळई

प्रिय मामा,

१. बारा मार्चला मी इंजिनिअर म्हणून लेखी अहवाल दिला, की चर्चच्या छपराची तिसरी तुळई भिंतीतल्या टोकाला सडली आहे.
२. चार एप्रिलला ती कापून काढली आणि तिथे लोखंडी तुळई बसवली.
३. नऊ एप्रिलला तू एकतीस वर्षं सांभाळलेली चर्चची किल्ली समितीला परत दिलीस.

चौथा मुद्दाही आहे. तो खाली येईल. सगळं क्रमाने लिहायची मला सवय आहे, पण तो क्रमाने लिहवला नाही.

आधी चर्च गावाच्या वापरासाठी बदलायच्या कामाचं सांगते, कारण किल्ली दिल्यापासून तू तिकडे फिरकला नाहीस असं मामी म्हणाली. मागच्या दाराला उतार झालाय, चाकाची खुर्ची एका हाताने वर जाते. तुझे बाक भिंतीकडेला लावलेत. एकही कुरकुरत नाही. मधल्या मोकळ्या जागेत बुधवारी डॉक्टरीणबाई बसणार, बाकीचे दिवस वाचनालय. वेदीमागच्या खोलीला मोठी खिडकी केली. तीच खोली तुला मिळणार होती, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला आणि पोरांना रंधा धरायला शिकवायला.

मार्चमधली समितीची सभा मला रोज आठवते. तू शिडीवर चढलास, पटाशीच्या मुठीने तुळई ठोकलीस, कान लावलास आणि वरूनच म्हणालास, "हिला अजून फूटपट्टीच्या नातवंडांची लग्नं बघायचीत." सगळे हसले. घरातलं माझं नाव, फूटपट्टी, सगळ्यांसमोर घेतल्याचा मला राग आला. मी ओलावा मोजायचं यंत्र वर धरलं आणि म्हणाले, "मामा, कान हे मोजमाप नसतं." त्यावर लोक जास्त हसले. तूही हसलास. खाली उतरताना मात्र तू शिडी दोन्ही हातांनी धरली होतीस. एरवी तू एकाच हाताने उतरतोस.

आता चौथा मुद्दा. दोन एप्रिलला मी मोजमापं पुन्हा घ्यायला एकटीच वर गेले होते. तुळईच्या टोकाला हिरवट कड दिसली आणि मला माझा पिवळा फ्रॉक आठवला. मी नऊ वर्षांची होते. कौल फुटून तिथे पाणी झिरपलं होतं. तू लाकडाला कीड लागू नये म्हणून औषध लावत होतास आणि मी खाली डबा धरून उभी होते. फ्रॉकवर पडलेले हिरवे थेंब मामीला कधीच काढता आले नाहीत. त्या औषधात क्षार असतात, आणि क्षार असले की यंत्र कोरड्या लाकडालाही ओलं म्हणतं. हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. मी लगेच तिथे भोक पाडलं. भुसा कोरडा निघाला, करकरीत. अगदी आतपर्यंत.

म्हणजे कापायच्या दोन दिवस आधी मला कळलं होतं. पण अहवाल मंजूर झाला होता, लोखंड येऊन पडलं होतं, आणि माझ्या एकटीच्या सहीचं ते पहिलं काम होतं. मी भोक बुजवलं आणि गप्प बसले. कापताना मिस्त्री म्हणाला, "ताई, ही तर खणखणीत आहे." मी म्हणाले, "सडकं टोक भिंतीत आहे." भिंतीतलं टोक निघालं तेव्हा ते मी स्वतः ताडपत्रीत गुंडाळलं, कोणी बघायच्या आत.

पुढचं तुला माहीत आहे. शिंपीणबाई चर्चच्या पायरीवर बसून म्हणाली, "सुताराच्या हातात किल्ली, आणि वर तुळई सडतेय!" मी चार पावलांवर उभी होते. नकाशा उलगडून त्यात डोकं घातलं. समितीनेही मग ठरवलं, की ज्याला सड ओळखता आली नाही, त्याच्याकडे पोरं कशी सोपवायची. तू वाद घातला नाहीस. मामी म्हणते, घरी नुसतं लाकूड ठोकून बघतोस आणि पुन्हा ठोकतोस. तुझा तुझ्या कानावरचा विश्वास उडाला असेल, तर तो मी उडवलाय. तुझा कान बरोबर होता.

शनिवारी अकरा वाजता समिती बसणार आहे, ती खोली दुसऱ्या कोणाला द्यायची हे ठरवायला. वरचे चारही मुद्दे मी लिहून सही केली आहे. ते मी तिथे उभी राहून वाचणार आहे, आणि ताडपत्रीतलं टोक टेबलावर ठेवणार आहे. माझ्या कामाचं काय व्हायचं ते होईल. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही, आणि माफीही या पत्रात मागत नाही. ती समोर मागायची गोष्ट आहे. विचारायचं एवढंच आहे: तू येशील का? ते लाकूड तू सगळ्यांसमोर ठोकावंस असं मला वाटतं. यायचं नसेल तर तसं कळव, मी मिस्त्रीला ठोकायला सांगेन. हो किंवा नाही, शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
फूटपट्टी