हिरवा डबा, लाल डबा

७ सप्टेंबर २००३, रविवार

बघून गेले एकदाचे! दिंडोरीचे, द्राक्षबागवाले. मुलगा जीवन, अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात. अंबूआत्याने आणलेला मुलगा नेहमी हिराच असतो. मागच्या हिऱ्याने मला विचारलं होतं, लग्नानंतरही स्क्रू ड्रायव्हर हातात धरणार का.

पोहे झाल्यावर दोघांना गच्चीवर पिटाळलं. याने विचारलं, वाचन आवडतं का. नाही. प्रवास? नाही. कॉम्प्युटरचं दुकान पुढे चालू ठेवणार? हो. मग खालच्या झेंडूच्या वाफ्यांकडे बघत म्हणाला, "घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. हिरव्या डब्यातलं घेतोय. त्यात एकशे अठ्ठावीस एमबी मेमरी आहे, लाल डब्यातल्यात चौसष्टच."

देवा! आणि म्हणे ड्रॉइंग ऑफिसात आहे. डब्यावरचा मोठा आकडा बघून कार्ड घेणारी माणसं मला दुकानात रोज भेटतात. पण ती निदान मला बघायला येत नाहीत.

मग मी जी सुरू झाले ती जिना उतरेपर्यंत. आई म्हणाली, वरून नुसता तुझाच आवाज येत होता.

९ सप्टेंबर

आज गणपती गेले, आता पितृपक्ष. होकार-नकार काय तो दसऱ्याला कळवायचा, असं दादांनी ठरवलं. वर धमकी — हे स्थळ नाकारलंस तर पंचवटीच्या गाळ्याची पुढची बाजू दिवाळीपासून त्यांच्या भावाला, मल्हारीकाकाला. म्हणजे माझं दुकान बंद. कॉम्प्युटर जोडून विकायचे सोडून मी काय करायचं, तर मागच्या बाजूला आईशेजारी बसून गजरे ओवायचे! आणि पुढे कोण, तर सिंहस्थात कालच्या हारांवर पाणी मारून विकणारे मल्हारीकाका.

गेलं दुकान तर जाऊ दे. डबा वाचून अक्कल आलेल्या माणसाशी लग्न करायचं नाही म्हणजे नाही.

१२ सप्टेंबर

पितृपक्षात नवीन वस्तू कोण घेतंय! माशा मारत बसले होते तर फोन. दिंडोरीकर! "गिऱ्हाईक म्हणून केलाय," म्हणे. कार्ड दसऱ्यालाच घेणार, तोवर दोन्हींची नीट तुलना करू.

करू की. मेमरी म्हणजे गोदाम, आणि माल बाहेर यायचा त्या दाराला म्हणतात बस. हिरव्याचं गोदाम मोठं, पण दार चौसष्ट बिटांचं. लालचं गोदाम निम्मं, दार एकशे अठ्ठावीसचं. मेमरीचा वेग दोन्हींचा चारशे मेगाहर्ट्झ. आठ बिटांचा एक बाइट धरून गुणाकार कर ना बाबा! हिरव्यातून सेकंदाला तीन पूर्णांक दोन गिगाबाइट, लालमधून सहा पूर्णांक चार. दुप्पट! दादांना एका वाक्यात कळलं असतं — गोदामभर झेंडू, आणि दारातून एका वेळी एकच पाटी निघते.

"हो का?" म्हणाला. हो का!

१५ सप्टेंबर

पुन्हा फोन. आज अभ्यास करून आला होता. दोन्हींच्या चिपचा वेग अडीचशे मेगाहर्ट्झ, दोन्हींना ठिपके रंगवणाऱ्या चार पाइपलाइन. म्हणजे दोन्ही कार्डं सेकंदाला शंभर कोटी ठिपके रंगवणार. मग फरक कसला?

अरे, रंगवणार कशाने? रंग त्याच दारातून येतो ना! हिरव्याचे शंभर कोटी डब्यावरच राहणार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. हे सगळं त्याला ऐकवलं. फोन ठेवला तेव्हा आई गजरा खाली ठेवून माझ्याकडे बघत होती.

१६ सप्टेंबर

आज फोन नाही. सुटले.

१९ सप्टेंबर

आगाऊ आहे! म्हणतो, हिरव्याला नवीन डायरेक्टएक्स नऊ जमतं. गेममध्ये पाणी खऱ्यासारखं हलतं. लालला ते येतच नाही.

हे खरं आहे. माझ्या आधी त्याने काढलं याची चीड आली. मी म्हटलं, जमतं म्हणजे काय, ते पाणी हलवताना हिरव्याला धाप लागेल, गेम अडखळत चालेल. तर म्हणतो, "अडखळत का होईना, चालेल. तुमच्या लालला ते पाणी दिसणारसुद्धा नाही."

तुमचं लाल! जसं काही मी माहेराहून आणलंय.

दुपारभर दोन्हींचे आकडे पुन्हा मांडले. पाणी बाजूला ठेवलं तर बाकी सगळीकडे लालच पुढे. उत्तर तयार आहे. येऊ दे फोन.

२२ सप्टेंबर

फोन बिघडलेला नाही. उचलून बघितला.

२४ सप्टेंबर

आला. आजीच्या श्राद्धाला गावी होता. सांगून जायला काय झालं होतं? म्हणजे गिऱ्हाईक म्हणून.

तयार उत्तर ऐकवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, आकडे दोघांचेही कागदावरचेच. दोन्ही कार्डं आणा, माझ्याच मशीनमध्ये लावून बघू, चांगलं चालेल ते मी ठेवीन. ठीक आहे! मुंबईला ऑर्डर दिली. सगळ्यांसमोर तोंडघशी पडायची हौस असेल तर मी कोण अडवणारी!

४ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी बागेच्या छाटणीला जाता जाता कॉम्प्युटरचं कॅबिनेट दुकानात ठेवून गेला. दोन्ही डबे टेबलावर तयार. स्क्रू काढले, झाकण उघडलं.

आतल्या मदरबोर्डाला स्लॉटच नाही! कार्ड खोचायची खाचच नाही. स्वस्तातला बोर्ड, चित्राचं काम त्याचं तोच करणारा. त्यात हिरवंही बसत नाही आणि लालही बसत नाही. हसू की रडू? स्वतःच्या घरातल्या मशीनमध्ये काय आहे ते या माणसाला ठाऊक नाही, आणि निघालाय माझ्याशी पाइपलाइनींवर वाद घालायला!

आणि मी? येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते — कार्डाचं नंतर, आधी कॅबिनेट उघडू. याला एवढंही विचारलं नाही.

संध्याकाळी दादा पूजेला आले. पाटावर माझे स्क्रू ड्रायव्हर मांडले होते. त्यांनी खिशातून हार ओवायची सुई काढून शेजारी ठेवली, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाळा तुझाच हाय, पोरी. मन नसंल तर नको म्हण. मल्हारीला मी बघतो."

मला रडूच आलं. धमकी देणाऱ्या दादांवर चिडणं किती सोपं होतं! पण आता कसली अडचण नाही. उद्या नकार.

५ ऑक्टोबर, दसरा

कॅबिनेट न्यायला आला. आपट्याचं पान पुढे केलं. मी ते घ्यायच्या आधीच म्हटलं, तुमच्या बोर्डाला स्लॉटच नाही.

"माहितेय. घेतलं तेव्हापासून माहितेय."

मग इतके दिवस कशाला?

"दुसरं काहीही विचारलं की तुम्ही एका शब्दात संपवत होतात."

लबाड! दादांना सांगितलं, दिंडोरीला होकार कळवा. नवा बोर्ड मी निवडणार.