रेस सोडल्यावरची खळखळ

३ मार्च

लिही—तुझ्या बापाने आज... नको, "तुझ्या" खोड. वहीला कुठला बाप! माझ्या मुलाने, लिही, अंगणात झाडं कापायचं साखळी-करवतीचं मशीन उघडून ठेवलंय. यांचं मशीन. हे गेले, मशीन उरलं, आणि चालवायला उरलं हे गाढव! रेस सोडली की आतून खळखळ येते, डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. रेस दिली की गप्प. मी म्हटलं, "क्लचची स्प्रिंग बघ." तर म्हणे, "आई, तू भाजी निवड."

त्याने सायलेन्सर धुतला. छान चकाकतोय. खळखळ तशीच.

नात लिहिते आणि हसते. अक्षर हलतंय म्हणे. हलू दे.

४ मार्च

आज कार्बोरेटर खोलला. उद्या बहुतेक अंगणातली फरशी खोलून बघेल.

५ मार्च

आमच्या चिरंजीव साहेबांनी जाणकार आणला—पंप दुरुस्त करणारा. दोघं मशीनभोवती उकिडवे, जशी गाय विणार आहे! जाणकार म्हणतो, "आजी, जुनं आहे, वाजणारच." म्हटलं, जुनी मीपण आहे, पण उगाच वाजत नाही. चहा पिऊन गेला.

यांची रीत वेगळी. मशीन सुरू केलं की आधी रेस सोडायची आणि साखळीकडे बघायचं. ती जागच्या जागी थांबली तरच झाडाला हात. मी झाडाला बांधलेला दोर धरून शेजारी उभी असायचे, तो आवाज मला पाठ आहे. आज रेस सोडल्यावरही साखळी सरकत होती, क्लच तिला सोडतच नव्हता! मग मशीन आचके देऊन बंद पडलं म्हणून बरं. मी ओरडले. हा म्हणतो, "प्लग खराब आहे, बाकी काही नाही. परवा मागचं वाळकं झाड पाडतो." आणि पायात काय, तर चपला! कापून घेईल स्वतःला.

६ मार्च

दुपारी तो घोरत होता. मी मशीनचा प्लग काढला. पाना लावून फिरवायचा, त्याला काय अक्कल लागते! तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी. आता पाड म्हणावं झाड.

७ मार्च

"आई, प्लग पाहिलास?" म्हटलं, मी भाजी निवडतेय.

१२ मार्च

आज नात कॉलेजला. लिहायला मुलगाच बसलाय. पाय उशीवर, पट्टी घोट्याच्या वरपर्यंत. अंगठा राहिला, शेजारचं बोट नाही. मागची पानं उलटायची नाहीत, बजावलंय.

न सांगता नवा प्लग आणला याने. जुन्यावर मशीन आचके देऊन मरायचं तरी. नव्यावर सुरूच राहिलं. रेस सोडून पायाशी टेकवलं, साखळी फिरतच होती.

क्लचची स्प्रिंग तुटलेलीच निघाली. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली.

पुढे लिही. जुना प्लग तांदळाच्या डब्यात आहे. मी ठेवला.

थांबलास का? लिही. घरात गाढव तू एकटाच नाहीस.