काळ्या टेपखाली

३ मार्च

ती. दादास,
सा. न. आणि या खेपेला उत्तर लवकर लिही, ही वि. वि.

आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त कुरकुरते. तुला तिथे खुर्च्या विणायला बसवलंय हे सांगितलं, तर म्हणाली, त्याला घरी कधी खिळा ठोकायला सांगितला तर आठ दिवस लागायचे. हसली, मग तुझे शर्ट इस्त्रीला काढून बसली.

आता माझं रडगाणं. ओव्हनने संप पुकारलाय. चार दिवस झाले, पाव टाकले की दहाव्या मिनिटाला पीं-पीं सुरू होतं आणि पाटीवर बिघाडाची खूण, एफ-३, उमटते. तू शिकवलंस तसं मेन स्विच बंद करून पाच मिनिटं थांबते, पुन्हा लावते. एखादी खेप निघते, की पुन्हा तेच. काल कँटीनचे वीस पाव अर्धे कच्चे राहिले. पुढच्या गल्लीत एक मेकॅनिक आलाय, पण तुझ्यासारखा मिस्त्री घरात असताना (तुरुंगात का असेना!) मी परक्याला का बोलावू? मीटर तुझ्या पेटीत आहे. कुठे लावायचा आणि आकडा किती यायला हवा, तेवढं लिही.

अपिलाची तारीख वीस एप्रिल. वकील म्हणतात, मास्तरीणबाई ओव्हन चालू ठेवून बाजारात गेल्या, म्हणून आग लागली, तुझ्या दुरुस्तीमुळे नाही, आणि त्यांचे यजमान आत अडकून वारले, एवढं न्यायाधीशांना पटलं की तू सुटलास. मला साक्षीला बोलावणार आहेत. त्यांच्याकडे होता तसाच ओव्हन माझ्याकडे आहे, तोही तूच दुरुस्त केलास आणि चार वर्षांत काही झालं नाही, एवढंच सांगायचं. ते मी झोपेतही सांगेन.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी,
खारू

९ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मीटर लावू नकोस. तो ओव्हन भंगारात दे. जुना झालाय, त्याचा बोर्ड आता कुठे मिळत नाही, उगाच त्याच्या मागे लागून वेळ घालवू नकोस. मागचा पत्रा स्वतः उघडायचा नाही आणि कुणाला उघडू द्यायचा नाही. आतल्या वायरी नाजूक असतात. मेन स्विच आजच बंद कर आणि चालू करू नकोस. एवढं माझं ऐक.

साक्षीचं म्हणशील तर तू आईला एकटीला सोडून कोर्टात नको येऊस. वकिलांना मी कळवतो.

इथे बरं आहे. खुर्चीची वीण आता न बघता जमते. आईला गुडघ्याला शेक द्यायला सांग.

आठवण ठेव.
तुझा,
दादा

१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला हसावं की रडावं कळेना. भंगारात दे म्हणतोस, आणि कँटीनचे साठ पाव काय माझ्या डोक्यावर भाजू? तू आयुष्यात कधी कुठली वस्तू टाकू दिली नाहीस, फुटका रेडिओसुद्धा माळ्यावर आहे. मला वाटलं, तिथे राहून तुझं मनच उडालं सगळ्यातून. म्हणून तुझं न ऐकता काल त्या मेकॅनिकला बोलावलं.

माणूस सावकाश काम करणारा आहे. ओव्हन भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा काढला, मीटर लावला. म्हणाला, ओव्हन थंड असताना तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा अकराशेच्या आसपास यायला हवा, इथे आठशेच दाखवतोय. मग वायर चाचपत गेला. बोर्डाच्या जवळ, जिथे वायर जोडतात तिथे, काळी टेप गुंडाळलेली होती. उष्णतेने तिचं डांबर झालेलं. ती सोलली, तर आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर डाग देऊन बसवलेला. त्याचा एक पाय सुटत आलाय, म्हणून एफ-३ येतो-जातो, म्हणाला.

मग त्याने विचारलं, हे कुणी केलं. मी विचारलं, का. तर म्हणाला, हा बसवला की ओव्हन आहे त्यापेक्षा थंड आहे असं बोर्डाला वाटतं. आत कितीही तापलं तरी धोक्याचा एफ-२ वेळेवर येत नाही. बोर्डातला रिले, म्हणजे वीज तोडणारा खटका, चिकटत असला की ओव्हन बंद केला तरी तापत राहतो आणि एफ-२ सारखा येतो. नवा बोर्ड टाकायचा नसला की काही जण असं करून मोकळे होतात. मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, माझ्या भावाच्या हातून गेलेलं काम आहे हे, माझा भाऊ असलं करत नाही. त्याने हत्यारं आवरली. पत्रा लावून निघून गेला, चहाही घेतला नाही.

तो गेल्यावर ओट्याला टेकून बसले. दादा, तो पत्रा तुझ्याशिवाय कुणी उघडलेला नाही. तरी तू लिही, की दुसऱ्या कुणी केलं. आधीच्या मालकाने केलं म्हण. काहीही लिही, मी विश्वास ठेवीन. पण लवकर लिही.

वाट पाहणारी,
खारू

२२ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही, तरी सवयीने लिहितो.

मीच केलं.

तीन पत्रं लिहून फाडली. त्यातल्या एकात आधीच्या मालकाचं नाव होतं. हे पत्र गेटवर वाचतात, हे मला ठाऊक आहे. वाचू देत.

तुझ्या ओव्हनला एफ-२ यायला लागला तेव्हा तू नुकतं पावांचं काम धरलं होतंस. बोर्ड मिळेना. तू रोज विचारायचीस, दादा, झालं का. मला नाही म्हणवेना. तात्पुरतं म्हणून तो दाणा बसवला, बोर्ड मिळाला की काढू म्हटलं. एफ-२ गेला. तू खूश झालीस. पहिला पाव मला दिलास. पुढे वर्षभर काही झालं नाही, मग मी शोधायचंही सोडलं.

मास्तरीणबाईंकडे तसाच ओव्हन, तसाच एफ-२. त्या म्हणाल्या, बंद केला तरी कधी कधी आतून ऊब येते, भीती वाटते. मला तेव्हा कळलं होतं, रिले चिकटतोय. पण तुझ्याकडे काही झालं नव्हतं ना. त्या धीरावर त्यांच्याकडेही तेच केलं आणि म्हटलं, बाई, आता निर्धास्त वापरा. त्या दिवशी त्यांनी ओव्हन बंद केला होता. त्या कोर्टात तेच सांगत होत्या. मी मान खाली घालून उभा होतो आणि माझा वकील त्यांना विचारत होता, वयामुळे तुम्हाला विसरायला होतं का. बोर्ड जळून गेला होता, कुणाला काही सापडलं नाही. शिक्षा झाली ती मी शेवटचा हात लावला म्हणून. खरं कारण कुणाला माहीत नाही.

तू ओव्हनसमोर रोज पहाटे उभी राहतेस, हे मला इथे आठवायचं. दोन वर्षं आठवत होतं. तरी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुला कळलं असतं.

अपील मागे घेण्याचा अर्ज आज दिला. तू काय करावंस हे मी सांगणार नाही.

दादा

२ एप्रिल

दादा,

काय लिहून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून नुसतंच दादा.

वकिलांकडे गेले होते. चिडले. म्हणाले, अर्ज दिलाय ना त्याने, आता तुम्ही गप्प बसा, कुणी विचारलंय तुम्हाला. खरंच, कुणी विचारलं नव्हतं. तिथून मी मास्तरीणबाईंकडे गेले.

त्या आता मुलाकडे राहतात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार सुनेने उघडलं. मी कोण हे सांगितल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला, पण बाईंनी आतून म्हटलं, येऊ दे. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. चहा सुनेनेच केला. बाई उठायला लागल्या तर ती म्हणाली, तुम्ही नका हं, मी आहे ना. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गॅसच्या नळीच्या खटक्याला छोटं कुलूप होतं. त्यांना दोन वर्षं कुणी स्वयंपाकघरात हात लावू दिलेला नाही. कोर्टाने त्यांना काही म्हटलं नव्हतं, पण तुझ्या वकिलाचा प्रश्न घरापर्यंत आला होता.

मी सांगितलं. तुझं पत्रही पुढे ठेवलं, पण त्यांनी हातात घेतलं नाही. मला वाटलं, रडतील, मला हाकलतील. त्यांनी एवढंच विचारलं, म्हणजे मी बंद केला होता. मी म्हटलं, हो, तुम्ही बंद केला होता. त्यांनी सुनेला हाक मारली, समोर बसवलं, आणि मला म्हणाल्या, आता हे हिला सांगा. मी पहिल्यापासून सांगितलं. सून खाली बघत राहिली. मग बाई म्हणाल्या, मुलगा सहाला येतो, थांबाल का. मी थांबले. दोन तास आम्ही तिघी त्या खिडकीपाशी बसलो होतो. तो आला, चपला काढतानाच बाई म्हणाल्या, सांगा. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

क्षमा मागितली नाही. ती कुणाच्या वतीने मागायची तेच कळेना.

भंगारवाल्याने ओव्हन नेला आज. कँटीनला नाही म्हणून कळवलं. तुला भेटायला मी इतक्यात येणार नाही, वाट पाहू नकोस.

आई विचारते, वीस तारखेचं काय झालं. ती अजून तुझ्या शर्टांना इस्त्री करायची म्हणते. चौथ्यांदा हे सांगणं माझ्याने होणार नाही, दादा. तू तिला लिही. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणजे ते वाचून दाखवायचं माझ्याच वाट्याला येणार आहे. पण निदान शब्द तरी तुझे असू देत.

खारू